उन्हाचा काटा



गळीत हंगामाच्या तोंडावर वैधमापन खात्याची माणसे येऊन आपल्या वजनकाट्यावर प्रमाणित वजने ठेवतात, तेव्हा कुठे पहिली गाडी काट्यावर चढते. तरीही दोन खेपांच्या वजनात फरक दिसला की आपण तडक शेतकी ऑफिस गाठतो, आणि गाठावेच. पण उन्हालाही एक काटा असतो. त्याचा आकडा आपण डोळे झाकून मानतो, नाहीतर चेष्टेवारी नेतो.

३० मे २०२४ ची गोष्ट घ्या. नागपुरात रामदासपेठेजवळ कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतात स्वयंचलित हवामान केंद्र आहे. त्याने त्या दिवशी ५६ अंश दाखविले. सोनेगावचे केंद्र ५४ म्हणाले. वर्धा रोडवरचे कापूस संशोधन संस्थेतले केंद्र आणि रामटेकचे केंद्र मात्र ४४ च्या घरात! जगातला मान्य उच्चांक ५६.७ अंशांचा, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा. म्हणजे नागपूर त्याच्या जवळपास जाऊन बसले. हवामान खात्याने सांगितले की यंत्रातला संवेदक बिघडला होता. पण तोवर हा आकडा घरोघरी मोबाईलवर फिरून आला होता.

आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ नोंदविले. तेव्हा सफदरजंगच्या जुन्या वेधशाळेत ४६.८ होते. देशाचा उच्चांक ५१ अंशांचा, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. तो मोडला म्हणून एकच गवगवा झाला. खात्याने मुंगेशपूरला पथक पाठवून प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिले, तर तिथला संवेदक सुमारे ३ अंश जास्त दाखवीत होता. काट्यावर वजन ठेवून पाहण्याचाच हा प्रकार झाला. लिबियातल्या अल अझिझियाचा १३ सप्टेंबर १९२२ चा ५८ अंशांचा विक्रम तर २०१२ साली, नव्वद वर्षांनी रद्द झाला. नवख्या माणसाने तापमापक चुकीचा वाचला असावा, असे जागतिक हवामान संघटनेच्या तज्ज्ञांचे म्हणणे पडले. त्या मानाने आपल्याकडे लवकर उलगडा झाला म्हणायचा.

तीन अंशांत काय एवढे, असे कोणी म्हणेल. मैदानी भागात ४५ अंशांना उष्णतेची लाट आणि ४७ ला तीव्र लाट धरतात. म्हणजे खरे ४४ असताना काटा ४७ दाखवू लागला, तर नसलेली तीव्र लाट कागदावर येते. उलट फरक पडला तर असलेली लाट कागदावरून पुसली जाते. आम्हाला त्याहून मोठी भीती वाटते ती दुसरीच. ५२.९ खोटे ठरले की लोक ४६.८ लाही हसतात. ते ऊन खोटे नव्हते. १ जून २०२४ ला उत्तर प्रदेशात मतदानाच्या कामावरचे ३३ कर्मचारी उष्म्याने दगावल्याचे तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले.

आता प्रत्येक फरक म्हणजे बिघाड, असेही नव्हे. हवेचे तापमान सावलीतच मोजायचे असते. जुन्या वेधशाळेत त्यासाठी झडपांची पांढरी लाकडी पेटी असते, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, दार उत्तरेला, म्हणजे उघडले तरी ऊन आत शिरत नाही. उन्हात धरलेला तापमापक हवेचे नव्हे, स्वतःच्याच अंगाचे तापमान सांगतो. आमच्या एका गट ऑफिसात तापमापक पत्र्याच्या भिंतीला टांगला होता. तो दुपारी असे काही आकडे दाखवी की चिटबॉय चहा त्यावरच ठेवावा म्हणत! भिजवलेल्या उसाच्या फडाशेजारचे केंद्र थोडे थंड दाखवील, तर फरशीवरचे किंवा गच्चीवरचे गरम. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलतात, पण मंडळातल्या सगळ्या रानांच्या वतीने बोलायला त्यांतले एकही लायक नाही.

आणि इथेच आपला पैसा अडकतो. पुष्कळ सभासदांची उसाबरोबर केळी, डाळिंब, द्राक्षे आहेत. फळपिकांचा हवामान आधारित विमा महसूल मंडळासाठी ठरवलेल्या केंद्राच्या आकड्यावर चालतो. तुमच्या बागेत पाने करपली की नाही, हे तो बघत नाही. ठरलेल्या अंशाच्या खाली काटा थांबला की भरपाईही थांबते. महावेध प्रकल्पात राज्यात अशी दोन हजारांवर केंद्रे उभी राहिली, ही चांगलीच गोष्ट. पण केंद्र उभे करणे आणि दरसाल उन्हाळ्याआधी ते प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहणे, ही दोन वेगळी कामे आहेत. उसाच्या काट्याला जो नियम, तोच या काट्याला लावा आणि तपासणीची तारीख केंद्रावर लिहा, एवढे मागायला आपली हरकत नसावी.

सभासदांनी आपल्या मंडळाचे केंद्र एकदा डोळ्यांनी बघून यावे. भोवती मोकळी जमीन आहे का, झाड किंवा भिंत अंगावर आली आहे का, संवेदकावर धूळ-जाळी साचली आहे का, हे पाहावे. हात मात्र लावू नये. जवळ पाचट पेटवू नये. (पाचट कुठेच पेटवायचे नाही, हे दर अंकात लिहून आमचा हात दुखला!) आकडा विचित्र वाटला, तर शेजारच्या मंडळाचा त्याच वेळचा आकडा काढून दोन्ही तारीख-वेळेसह लिहावेत, तालुका कृषी कार्यालयात अर्ज द्यावा आणि एक नक्कल गट ऑफिसात आणून द्यावी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.