वरच्या वर्गाचा परतीचा प्रवास

सहलीला निघतांना जो उत्साह असतो तो परततांना उरत नाहीं. सामान जड झालेलें असतें, मुलें कंटाळलेलीं असतात, आणि घरीं पोहोंचल्यावर दुसऱ्याच दिवशीं कचेरी व शाळा वाट पाहत असतात. म्हणून इंग्लंडांत दोन आठवडे घालवून लंडनहून मुंबईस परतणारें एखादें कुटुंब जातांना साध्या वर्गानें जातें, पण येतांना मात्र सांठवलेले पैसे काढून वरच्या वर्गाचीं तिकिटें घेतें. आजोबांचे गुडघे आंखडूं नयेत, तान्ह्या मुलाच्या आईला घटकाभर पाठ टेकतां यावी, एवढीच त्यामागील अपेक्षा असते. ती रास्तहि आहे. परंतु साध्या तिकिटाच्या कितीतरी पट किंमत मोजून नेमकें काय हातीं येतें आणि काय येत नाहीं, हें आधीं समजून घेतलें तरच त्या पैशाचें चीज होतें. न समजल्यास त्याच सुखसोयींतून क्वचित् अपायहि संभवतो.

हा मार्ग मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ता. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान ३५ उतारूंना घेऊन मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनिव्हा येथें थांबत लंडनला पोहोंचलें. आज सुमारें ७,२०० किलोमीटरांचें हें अंतर विमान वाटेंत कोठेंहि न थांबतां सुमारें नऊ तासांत तोडतें. प्रवासाचा वेळ घटला तसा एका विमानांत बसणाऱ्यांचा आंकडा वाढला, आणि त्या दाटीवर उतारा म्हणून निरनिराळे वर्ग निघाले. इ. स. २००० मध्यें ब्रिटिश एअरवेजनें बिझनेस वर्गांत पूर्ण आडवी होणारी खुर्ची आणली. तेव्हांपासून दूरच्या प्रवासांत हा वर्ग खुर्चीपेक्षां बिछान्यावरूनच ओळखला जाऊं लागला. साधा वर्ग आणि बिझनेस वर्ग यांच्या दरम्यान प्रीमियम इकॉनॉमी नांवाचा एक मधला वर्गहि असतो. त्यांत पाय अधिक पसरतां येतात, पण आडवें होतां येत नाहीं.

वरच्या वर्गाच्या तिकिटानें विकत मिळते ती मुख्यतः जागा. बसल्या बसल्या झोप लागते, पण ती टिकत नाहीं. डोळा लागला कीं मानेचे स्नायु सैल पडतात, मान कलते आणि माणूस दचकून जागा होतो. आडवें झालेल्या शरीराला स्वतःस सांवरून धरावें लागत नाहीं, म्हणून झोप अखंड लागते. हा लाभ खरा आहे. मात्र एका बिछान्याच्या जागेंत साध्या वर्गाच्या अनेक खुर्च्या मावल्या असत्या. त्यामुळें भाडें तर वाढतेंच, पण जळणाऱ्या इंधनाचा वांटाहि वाढतो. ब्रिटिश सरकारच्या हिशेबांत दूरच्या प्रवासाला निघालेल्या बिझनेस वर्गाच्या उतारूमागें साध्या वर्गाच्या उतारूच्या सुमारें तिप्पट कर्बवायु धरला जातो.

जें विकत मिळत नाहीं तें म्हणजे निराळी हवा. विमान साधारणतः ३५,००० फूट उंचीवरून जातें. तेथें बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें एक-चतुर्थांश असतो, आणि उष्णतामान शून्याखालीं ५० अंशांच्याहि खालीं गेलेलें असतें. त्या विरळ हवेंत मनुष्याची शुद्ध मिनिटभरांत हरपेल. म्हणून बाहेरची हवा यंत्रांनीं दाबून आंत सोडतात. परंतु आंतील दाब मुंबईच्या हवेइतका ठेवीत नाहींत, कारण आंतबाहेरच्या दाबांतील एवढा मोठा फरक सोसण्यास विमानाचें कवच फार जड करावें लागेल. यावर तोडगा म्हणून नेहमींच्या उड्डाणांत आंतील दाब ८,००० फूट उंचीवरील दाबाहून कमी होऊं द्यावयाचा नाहीं, असा नियम आहे. सिमला सुमारें ७,२०० फुटांवर वसलेलें आहे. म्हणजे उतारू कित्येक तास सिमल्याहूनहि उंच ठिकाणीं बसल्यासारखा असतो. बोइंग ७८७ व एअरबस ए-३५० या नव्या विमानांत ही उंची सुमारें ६,००० फुटांवर आणलेली आहे. तरीहि ती ५,४०० फूट उंचीच्या कळसूबाईच्या शिखराहून वरच राहते. दोन वर्गांमधील पडदा कापडाचा असतो. त्यानें नजर अडते, हवेचा दाब अडत नाहीं.

हीच हवा अत्यंत कोरडीहि असते. तिची आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहून कमी असते. ओंठ सुकणें, डोळे चुरचुरणें, घसा कोरडा पडणें हे सर्व तिचेच परिणाम, आणि ते रेशमी उशीवरहि होतात. वरच्या वर्गांतील जेवण चिनी मातीच्या बशांतून वाढलें जात असलें तरी तें अळणी लागतें याचेंहि कारण बरेंचसें येथेंच आहे. कोरड्या नाकाला वास कमी येतो, आणि अन्नाची चव पुष्कळ अंशीं वासावर अवलंबून असते. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेनें कमी दाबाच्या हवेंत घेतलेल्या चाचण्यांतहि मीठ व साखर यांची चव मंदावते, असें दिसून आलें. म्हणून जेवण अळणी लागल्यास दोष एकट्या आचाऱ्याला देऊं नये.

दाब कमी असल्यानें रक्तांतील प्राणवायूचें प्रमाणहि थोडें उतरतें. निरोगी माणसाला तें जाणवत नाहीं. परंतु वरच्या वर्गांत दोन गोष्टी एकत्र येतात: मागाल तितकें मद्य आणि झोंपण्यास बिछाना. जर्मनीच्या अवकाश व विमानविद्या संस्थेनें कोलोन येथें निरोगी तरुण माणसांना मद्य देऊन विमानांतल्याइतक्या दाबाच्या खोलींत झोंपविलें. या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्यें प्रसिद्ध झाले. मद्य न घेतां झोंपलेल्यांच्या रक्तांत प्राणवायूचें प्रमाण सुमारें ८८ टक्के होतें. मद्य घेतल्यावर तें सुमारें ८५ वर आलें, आणि हृदयाचे ठोके मिनिटास ८८ च्या घरांत गेले. तरुणांची ही स्थिति, तर हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्या आजोबांनीं फुकट मिळतो म्हणून रिकाम्या केलेल्या पेल्याची किंमत किती पडेल, याचा विचार घरच्यांनीं आधींच करावा. असा विकार असल्यास निघण्यापूर्वीं वैद्यकीय सल्ला घेणें अगत्याचें आहे.

दुसरी काळजी पायांची. फार वेळ एका जागीं बसल्यानें पायांच्या खोल शिरांत रक्त गोठूं शकतें, आणि ती गुठळी फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें चार तासांहून अधिक प्रवासानें हा धोका सुमारें दुप्पट होतो. तो सहा हजारांत एखाद्याच्या वांट्याला येण्याइतकाच असल्यानें भिण्याचें कारण नाहीं. पण त्याला पडलेलें 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' हें नांव फसवें आहे. धोका उपजतो तो हालचाल थांबल्यानें, आणि हालचाल वरच्या वर्गांतहि थांबते. ज्याला पाणी, पांघरूण, खाणें सारें जागेवरच मिळतें, त्याला उठण्याचें निमित्तच उरत नाहीं. म्हणून जागेपणीं दर तासा-दीड तासानें उठून चार पावलें चालावें, आणि बसल्या जागीं पावलें वरखालीं हालवावीं.

तिसरी गोष्ट विमान उतरतांनाची. वर चढतांना कानांतील हवा सहज बाहेर पडते. उतरतांना मात्र घशाकडून कानाकडे जाणारी बारीक नळी उघडून हवा आंत जावी लागते, आणि ती नळी उघडते गिळण्यानें व जांभईनें. झोंपेंत माणूस क्वचितच गिळतो. त्यामुळें गाढ झोंपलेल्या माणसाचे कान विमान उतरतांना अधिक दुखतात, आणि सर्दी असेल तर ही कळ असह्य होते. मऊ बिछान्यावर शांत निजलेल्या बाळाला उठवणें आईच्या जिवावर येतें. तरी विमान खालीं येऊं लागतांच त्याला जागें करून अंगावर पाजावें किंवा बाटली द्यावी. मोठ्या मुलांना गोळी चघळावयास द्यावी.

आतां घड्याळाचा प्रश्न. उन्हाळ्यांत लंडन व मुंबई यांच्या वेळांत साडेचार तासांचा फरक असतो. रात्रीं नऊला लंडन सोडलेलें विमान मुंबईस सकाळीं साडेदहाच्या सुमारास उतरतें. त्या वेळीं शरीराच्या लेखीं पहांटेचे सहाच वाजलेले असतात. मनुष्याच्या आंतील घड्याळाचा दिवस चोवीस तासांहून किंचित् मोठा असल्यानें त्याला लांबलेला दिवस मानवतो, आंखडलेला मानवत नाहीं. म्हणून जातांना पश्चिमेकडील वेळ लवकर अंगवळणी पडते; पूर्वेकडे परततांना त्रास अधिक होतो. वरच्या वर्गाचा बिछाना आपली किंमत खऱ्या अर्थानें येथेंच फेडतो, पण तो वापरला तर. दोन तासांचें जेवण आणि त्यावर दोन चित्रपट यांत रात्र संपली तर महागडें तिकीट व्यर्थ गेलें. विमानतळावरच हलकें जेवून घ्यावें, विमान सुटल्यावर लवकर निजावें, आणि घरीं आल्यावर खिडक्या लावून दिवसभर न झोंपतां उजेडांत वावरावें. सकाळचा उजेडच आंतील घड्याळ पुढें सरकवितो.

सर्वांपुरते पैसे नसले तर बिछाना कोणाला द्यावा, हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो. ज्याला रात्रीं झोंपतां येईल आणि ज्याला झोंपेची गरज अधिक आहे, त्याला द्यावा: वृद्धांना, किंवा दुसऱ्या दिवशीं कामावर हजर व्हावयाचें असलेल्यांना. तान्ह्या मुलासह आईला द्यावयाचा असेल तर तिच्या शेजारीं मूल धरणारें माणूस हवें. नाहींतर तिची रात्र मांडीवरच्या मुलासह बसूनच सरेल. बाकीच्यांनीं हळहळूं नये. भरपूर पाणी, थोडें चालणें, मद्याचा मोह आवरणें, उतरतांना गिळत राहणें आणि घरीं आल्यावर सकाळचा उजेड, हीं पथ्यें पडद्याच्या दोन्ही बाजूंस सारखींच लागू आहेत, आणि त्यांना वेगळें तिकीट पडत नाहीं.