नोकरकपात : कंपनी एक, कायदे अनेक

मागच्या व्याख्यानानंतर काही जणांनी विचारलं होतं, की एकाच कंपनीत सारखंच काम करणाऱ्या दोन माणसांना काढताना वेगवेगळी वागणूक का मिळते? आज आपण तेवढाच प्रश्न घेऊ.

२० जानेवारी २०२३ ला गूगलने जगभरातले सुमारे १२,००० लोक कमी करत असल्याचं जाहीर केलं. सुंदर पिचाई यांच्या त्या पत्रात एक वाक्य होतं : अमेरिकेतल्या संबंधितांना ईमेल गेलेली आहे, इतर देशांत मात्र तिथले कायदे आणि प्रथा यांमुळे जास्त वेळ लागेल. निर्णय एकाच दिवशी झाला, पण प्रत्येक देशात तो वेगळ्या वाटेने माणसापर्यंत पोचला.

अमेरिकेत मोंटाना राज्य सोडलं तर मूळ नियम असा, की मालकाला कारण न देताही नोकरी संपवता येते. भेदभाव वगैरे काही अपवाद आहेत. मोठ्या कपातीसाठी १९८८ चा 'वॉर्न' कायदा आहे. त्यात १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाने ६० दिवस आधी नोटीस द्यायची असते. परवानगी कोणाची लागत नाही. म्हणून कंपन्या काय करतात, तर सकाळी लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस बंद आणि ६० दिवसांचा पगार चालू. एच-१बी व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांसाठी हा पगार फार मोलाचा, कारण नोकरी संपल्यापासून नवी शोधायला त्यांना जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि ते दिवस साधारणपणे शेवटच्या पगाराच्या दिवसानंतर मोजले जातात.

जर्मनीत गणित उलटं आहे. कंपनीत कामगार-परिषद असेल तर प्रत्येक बडतर्फीआधी तिचं म्हणणं ऐकावंच लागतं. नाहीतर ती बडतर्फी रद्दबातल. शिवाय कोणाला काढायचं हे ठरवताना चार गोष्टी बघाव्या लागतात : किती वर्षं नोकरी झाली, वय काय, घरी कोण अवलंबून आहे आणि गंभीर अपंगत्व आहे का. व्यवसायाची गरज म्हणून काढताना नुसतं 'परफॉर्मन्स कमी' म्हणून भागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आधी एक शब्दाचा घोळ सोडवू. वर्तमानपत्रं ज्याला 'ले-ऑफ' म्हणतात त्याला आपला कायदा 'रिट्रेंचमेंट' म्हणतो. आपल्या कायद्यातला ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं, साधारण निम्म्या पगारावर. नोकरी तुटत नाही.

आपला कायदा कडक की सैल? दोन्ही. तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं आणि कारखाना बंद करायची परवानगी मागितली. राज्य सरकारने ती नाकारली. पुढे कामगारांची न्यायालयीन लढाई वर्षानुवर्षं चालली, चिनी ग्रेट वॉलला विकण्याचा करार बारगळला, आणि शेवटी कारखाना ह्युंदाईकडे गेला. हे घडलं ते १९७६ साली औद्योगिक विवाद कायद्यात घातलेल्या प्रकरणामुळे : मोठ्या कारखान्याने कपात किंवा टाळेबंद करायची तर सरकारची आगाऊ परवानगी हवी. कामगारसंख्येची मर्यादा आधी ३०० होती, मग १०० झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुन्हा ३००.

पण हे प्रकरण कारखाने, खाणी आणि मळे यांनाच लागू. तिथून तासाभरावरच्या हिंजवडीत दहा हजार इंजिनियर बसले असले तरी परवानगीचा प्रश्न येत नाही. मग उरतं काय? 'कामगार' ठरलात आणि वर्षभर सलग नोकरी झाली असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. जो शेवटी आला तो आधी जाणार, हा नियमही. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार.

तुम्ही 'कामगार' आहात का, हे व्हिजिटिंग कार्डावरचं पद सांगत नाही. न्यायालय प्रत्यक्ष काम बघतं. 'मॅनेजर' म्हणवणारा माणूस दिवसभर कोडच लिहीत असेल, तर त्याला दावा मांडता येतो.

हे सगळं टाळायचा सोपा मार्ग कंपन्यांना ठाऊक आहे, आणि आमच्या मते आपल्याकडची खरी गोष्ट इथेच आहे. मीटिंग रूममध्ये बोलावतात, म्हणतात, "राजीनामा द्या, नाहीतर रिलीव्हिंग लेटरवर टर्मिनेशन येईल." माणूस घाबरतो, सही करतो. राजीनामा दिला की कायद्याच्या दृष्टीने कपात झालीच नाही. नुकसानभरपाई नाही, सरकारी नोंद नाही. दबावाखाली दिला हे सिद्ध करायचं ओझं सही करणाऱ्यावर. म्हणून सभागृहात कोणी आयटीतलं असेल तर ऐका : त्याच खोलीत सही करू नका, विचाराला वेळ मागा, बोलणं झाल्यावर घडलेलं सगळं ईमेलने लिहून कळवा, आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका, तो आधी जातो. मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार देता येते. एकट्यालाही देता येते, युनियन लागतेच असं नाही.

कंत्राटी कामगारांचा भाग राहिला आहे. तो पुढच्या वेळी घेऊ.