संदिग्ध मूर्वा आणि कुंडीतील स्नेक प्लांट

रत्नागिरीतील घरांच्या व्हरांड्यांत आणि आपल्या व्यवसायबंधूंच्या प्रतीक्षाकक्षांत हल्ली एक वनस्पती सर्रास दिसते. तलवारीच्या पात्यासारखी उभी, जाड पाने आणि त्यांवर सर्पाच्या अंगावर असावेत तसे आडवे पट्टे. रोपवाटिकेत ती स्नेक प्लांट या नावाने मिळते. ‘डॉक्टर, हीच ना मूर्वा?’ असे रुग्ण विचारतात. प्रश्न साधा, परंतु औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने उत्तर जोखमीचे आहे.

मूर्वा हे संदिग्ध द्रव्य होय. चरकाचार्यांनी तिची गणना स्तन्यशोधन महाकषायात केली, सुश्रुताचार्यांनी पटोलादि गणात. मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेची सांगितली आहे आणि धनुष्याच्या दोरीस ‘मौर्वी’ हे नाव मूर्वेवरूनच पडले. घोळ झाला तो या तंतूंमुळे. स्नेक प्लांटची भारतीय भगिनी सॅन्सेव्हिएरिया रॉक्सबर्घियाना हिच्या पानांतूनही चिवट धागा निघतो. बंगालमध्ये तीच मूर्वा मानली गेली. महाराष्ट्रात मोरवेल वापरात आली, केरळात आणखी निराळी वेल. आयुर्वेदिक फार्माकोपियाने मार्सडेनिया टेनासिसिमा या वेलीचे मूळ ग्राह्य धरले आहे. गोकर्णी, पीलुपर्णी हे पर्याय पाहता आमचा कौलही वेलीलाच आहे. गाईच्या कानासारखे पान खड्गासारखे कसे असेल?

त्यातही कुंडीतील वनस्पती ही भारतीय जाती नव्हेच. ती पश्चिम आफ्रिकेतील ट्रायफॅसिएटा. २०१७ मध्ये तिचा समावेश ड्रॅसीना प्रजातीत करण्यात आला. तिच्यात सॅपोनिन असते. पान चघळल्यास मळमळ, उलटी होऊ शकते; मांजर-कुत्र्यांनाही ती बाधते. तेव्हा फार्मसीचालकांनी मूर्वेचे चूर्ण न घेता अखंड मूळ घ्यावे आणि ते तपासूनच भांडारात ठेवावे.

हवा शुद्ध होते म्हणून रोप ठेवा, असा सल्लाही आम्ही देत नाही. ‘नासा’चा १९८९ चा प्रयोग बंद पेटीतील होता. २०१९ च्या एका पुनरावलोकनानुसार खिडक्या उघडण्याइतका परिणाम साधण्यास दर चौरस मीटरला १० ते १००० रोपे लागतील!

मग ठेवावी कशाला? देखणी आहे आणि फारसे काही मागत नाही, एवढे पुरे. तिची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, म्हणून पाण्याचा व्यय अल्प. कोकणात ती तहानेने क्वचितच मरते. मरते ती पावसाळ्यात. जेथे वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे कुंडी पागोळीखाली राहिली की कंद कुजलाच. मृगापूर्वी ती आत घ्यावी आणि आश्विनापर्यंत माती पूर्ण कोरडी झाल्याखेरीज पाणी देऊ नये. उन्हाळ्यातही १०-१५ दिवसांनी पुरते. पाणी मातीत घालावे, पानांच्या मधल्या पोकळीत नव्हे. तळाशी छिद्र असलेली मातीची कुंडी, जांभ्याचा चुरा, नदीची वाळू आणि थोडे शेणखत. समुद्राची वाळू खारी, ती टाळावी. पान बुडाशी मऊ पडून वास येऊ लागला, तर रोप उपटून कुजका भाग कापावा, दोन दिवस सावलीत सुकवून कोरड्या मातीत लावावे.

पानाच्या तुकड्यांपासूनही रोप होते. मात्र बुडाकडची बाजूच खाली रोवावी. पिवळ्या किनारीच्या प्रकारात असे रोप बहुधा साधे हिरवे निघते. किनार हवी असल्यास कंदच विभागावा.