घाटात असन

बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसात होते. ते बुलढाण्याला एका सेवा केंद्रावर सकाळपासून बसून होते, पीकविम्याचा अर्ज भरायला. मुदत संपायला दोन दिवस उरलेले, बाहेर पन्नास माणसं, आणि आतला मुलगा दर पाच मिनिटांनी तेच सांगत होता.

"काहून वं बाई, सर्व्हर डाऊन म्हन्ते हा. डाऊन म्हंजे काय होते त्याले?"

"बंद पडला असेल, बाबा."

"अन् बंद पडला हे कोन ठरवते?"

पहिल्या प्रश्नाला मी घाईत उत्तर दिलं. दुसऱ्यावर थांबले, कारण गेली अकरा वर्षं माझं पोट त्याच प्रश्नावर भरतंय. मी नेटवर्कमध्ये काम करते. एखादी मोठी सेवा दोन-तीन शहरांतल्या डेटा सेंटरमधून चालते, तेव्हा कुठलं ठिकाण धडधाकट आहे आणि लोकांना कुठे पाठवायचं हे ठरवणारी यंत्रणा सांभाळायची, हे माझं काम. तिला ग्लोबल सर्व्हर लोड बॅलन्सिंग म्हणतात. आम्ही आपसात जीएसएलबी म्हणतो.

समजा एका सेवेचे सर्व्हर नवी मुंबईतही आहेत आणि हैदराबादलाही. तुम्ही मोबाईलवर त्या सेवेचं नाव टाकता, पण मोबाईलला नावावरून जाता येत नाही, त्याला नंबर लागतो. तो नंबर विचारायची व्यवस्था म्हणजे डीएनएस. जीएसएलबीचं यंत्र तिथेच बसलेलं असतं. तुमच्या मोबाईलने विचारलं की ते मुंबईचा नंबर देतं किंवा हैदराबादचा. दोन्हीकडे एकेक यंत्र असतं आणि ती दोघं सतत एकमेकांना खुशाली कळवत राहतात: माझ्याकडे इतका भार आहे, माझे सर्व्हर ठीक आहेत.

आता ही खुशाली यायचीच थांबली तर? मुंबईच्या यंत्राने काय समजायचं?

इथे मला आमचा घाट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही दोन भाग मानतो, घाटावर आणि घाटाखाली. आमचं गाव घाटावर, बुलढाणा तालुक्यात. खामगावची बाजार समिती घाटाखाली. मधे बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगा अभयारण्याचं जंगल. माझा भाऊ सोयाबीन घेऊन पिकअपने खामगावला निघतो आणि जंगलाच्या तोंडाशी त्याच्या फोनची रेंज जाते. आई फोन लावते, तिकडून बाई सांगते की आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. आईचा जीव खालीवर होतो. गाडी पलटली असेल, जनावर आडवं आलं असेल. बाबा ओसरीवरून हलत नाहीत.

"घाटात असन. अर्धा घंटा थांब."

त्या अर्ध्या तासाला हिशेब आहे. रिकामी गाडी किती वेळात घाट उतरते, भरलेली किती वेळात, पावसात किती, हे बाबांना वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यातून माहीत आहे. अर्धा तास उलटला की मात्र ते ओसरीवर बसत नाहीत. खामगावच्या अडत्याला फोन करतात आणि विचारतात, पोट्टा पोचला का?

आमच्या यंत्रांचा मूळ स्वभाव आईचा. मी ज्यावर जास्त काम केलं त्या नेटस्केलर नावाच्या यंत्रात खुशालीच्या या देवाणघेवाणीला मेट्रिक एक्स्चेंज प्रोटोकॉल, थोडक्यात एमईपी म्हणतात. हा संपर्क तुटला आणि पलीकडच्या सेवेची तब्येत पाहायला दुसरी काही सोय केलेली नसली, तर यंत्र त्या सेवेला तत्काळ 'डाऊन' ठरवतं. थांबायची मुदत ठरवून देता येते, शून्यापासून ३६०० सेकंदांपर्यंत. पण कोणी काहीच भरलं नाही तर तिथे शून्य असतं. अनेक ठिकाणी ते शून्यच राहून जातं, कारण यंत्र बसवताना त्या रकान्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

माझंही गेलं नव्हतं. एका ग्राहकाचं काम होतं, नवी मुंबई आणि हैदराबाद असंच. कुठेतरी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली. पर्यायी वाटेने संपर्क अकरा सेकंदांत परत आला, व्हायला हवं तसंच. पण त्या अकरा सेकंदांत मुंबईच्या यंत्राने हैदराबादला मेलेलं ठरवलं आणि हैदराबादच्या यंत्राने मुंबईला. मुंबईच्या यंत्राला विचारणारे सगळे मुंबईकडे, हैदराबादच्या यंत्राला विचारणारे सगळे हैदराबादकडे. अर्धवट अर्ज भरत असलेला माणूस मधेच दुसऱ्या शहरात जाऊन पडला, तिथे त्याची ओळख नाही, पुन्हा लॉगिन करा. संपर्क आला, सगळं पूर्ववत झालं, पुन्हा फेकाफेक. आणि ती पर्यायी वाटही कच्ची निघाली. चाळीस मिनिटांत हा खेळ सात वेळा झाला. याला आम्ही फ्लॅपिंग म्हणतो. दोन्ही शहरांतला एकही सर्व्हर त्या चाळीस मिनिटांत एक सेकंदसुद्धा बंद नव्हता. तरीही देशभरात किती काउंटरांवर "सर्व्हर डाऊन" म्हटलं गेलं असेल, याचा विचार मला आजही सोडत नाही.

त्यानंतर आम्ही वर्षभराच्या नोंदी काढून बसलो. संपर्क किती वेळा तुटला आणि दर वेळी किती सेकंदांत आला? बहुतेक खंड वीस सेकंदांच्या आतले होते, थोडे मिनिटाच्या आसपास. मग थांबायची मुदत नव्वद सेकंद ठेवली. आता संपर्क तुटला तर यंत्र नव्वद सेकंद जुनीच माहिती खरी धरतं; त्या आत संपर्क आला तर पलीकडे काही झालंच नाही असं समजून पुढे जातं, नाही आला तर 'डाऊन' म्हणतं. आमच्या घाटाची लांबी नव्वद सेकंद निघाली. दुसऱ्या कोणाचा घाट दहा सेकंदांचा असेल. तो मोजावा लागतो, पुस्तकातून उचलता येत नाही.

थांबण्याची किंमतही आहे. हैदराबाद खरोखरच कोसळलं असेल तर ते नव्वद सेकंद आपण माणसांना विझलेल्या घरात पाठवत राहतो. वर डीएनएसचं उत्तर मोबाईल काही काळ लक्षात ठेवतो. टीटीएल नावाची ती मुदत तीस सेकंद असेल तर 'डाऊन' ठरल्यावरही तेवढा वेळ काही लोक तिकडेच जातात. म्हणून नुसतं थांबणं पुरेसं नाही, अडत्याही लागतो. दूरच्या सेवेवर वेगळा मॉनिटर लावायचा, म्हणजे यंत्र स्वतः तिकडे जाऊन दार वाजवून बघतं. नेटस्केलरमध्ये हा मॉनिटर नेहमी चालू ठेवता येतो, किंवा एमईपी तुटल्यावरच जागा होईल असाही लावता येतो. नेमून दिलं नसेल तर तो दर ५ सेकंदांनी दार वाजवतो, उत्तराची २ सेकंद वाट बघतो आणि तीनदा उत्तर आलं नाही तर बंद समजतो. एक पथ्य पाळायचं: हा मॉनिटर वेगळ्या वाटेने जायला हवा. जी तार तुटली तिच्यावरूनच तो जाणार असेल, तर अडत्यालाही घाटातच उभं केल्यासारखं झालं.

या चुका मोठमोठ्यांकडूनही झाल्या आहेत. २१ ऑक्टोबर २०१८ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटहब या सेवेत खराब होत आलेलं एक ऑप्टिकल यंत्र बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संपर्क तुटला, फक्त ४३ सेकंद. तेवढ्यात त्यांच्या स्वयंचलित व्यवस्थेने डेटाबेसचा कारभार पश्चिम किनाऱ्याकडे सोपवला. पूर्वेला काही नोंदी अशा राहिल्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या. दोन वह्यांचा मेळ घालेपर्यंत सेवा २४ तास ११ मिनिटं पांगळी होती.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र तर गावातल्या लोकांनाही आठवते, कारण त्या रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप बंद पडलं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने, व्हॉट्सॲप ज्यांचं त्या फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं. त्यांच्या डीएनएस सर्व्हरना नियम घालून दिला होता: डेटा सेंटरशी बोलता आलं नाही तर आपलं नेटवर्क आजारी आहे असं समजा आणि जगाला आपला पत्ता सांगणं थांबवा. सगळ्यांनाच बोलता येईना, तेव्हा सगळ्यांनीच पत्ता काढून घेतला. प्रत्येक सर्व्हर आपल्या नियमाप्रमाणे वागला आणि सगळे मिळून नाहीसे झाले.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या मुंबईतलं. २४ फेब्रुवारी २०२१ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या दूरसंचार जोडण्या डळमळल्या. जोडण्या दोन कंपन्यांच्या होत्या, दोन्हींत बिघाड. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले ते पावणेचारला सुरू झाले, आणि बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. पर्यायी केंद्राकडे कारभार का हलवला नाही, असं बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने विचारलं. पुढच्याच महिन्यात नियम आला की बिघाडानंतर ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत काम पुन्हा उभं करायचं. इथे थांबण्याला शेवट नेमून दिला गेला, बाबांच्या अर्ध्या तासासारखा.

परत 'अप' म्हणण्याचीही घाई करू नये. हे मला आमच्या शेतकऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. मृगाची एक सर आली, ढेकळं भिजली, की हात शिवशिवतात. कृषी विभाग दरवर्षी बजावतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. जो पेरतो आणि मग पावसाचा खंड पडतो, त्याच्यावर दुबार पेरणी येते. बियाणं गेलं, खत गेलं, पेरणीची वेळ गेली. नुकत्याच उठलेल्या सर्व्हरवर सगळा भार टाकला की तो पुन्हा झोपतो. म्हणून नेटस्केलरमध्ये शिकण्याची मुदत म्हणून आणखी एक रकाना आहे. एखादं ठिकाण नुकतंच चालू झालं असेल तर त्या मुदतीत ते आपल्या सेवांबद्दल जे सांगेल ते बाकीची ठिकाणं धरून चालत नाहीत. मी तीही भरते. ओल किती खोल गेली ते आधी बघायचं.

त्या दिवशी यातलं मी बाबांना थोडंच सांगितलं, घाटापुरतं. ते ऐकून घेत होते, मागून रांगेचा कालवा येत होता. मग त्यांनी केंद्रातल्या मुलाला सांगितलेलं मला फोनमधून ऐकू आलं, "बापू, आनखी एकडाव पाह्य. घाटात असन."

अर्ज दुपारी पावणेचारला भरला गेला. संध्याकाळी बाबांनी पावतीचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला.

"मंग बाई, सकाळपासून तो खरंच बंद होता का?"

"बाबा, ते मला इथून नाही सांगता येत."