रुपयांत की युरोत?

पॅरिसच्या एखाद्या दुकानात खरेदी होते, कार्ड मशीनला लागतं आणि पडद्यावर प्रश्न उमटतो: बिल युरोत भरणार की रुपयांत? परक्या मुलुखात रुपयाचं चिन्ह दिसलं की पुण्या-मुंबईच्या पर्यटकाला गाववाला भेटल्यासारखं वाटतं. किती पैसे जाणार ते तिथल्या तिथे कळतं, मनातल्या मनात गुणाकार करायची कटकट नाही. तो रुपयांवर बोट ठेवतो आणि नेमके तिथेच त्याचे पैसे गळतात.

या सोयीचं भारदस्त नाव ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’. रुपयांचा पर्याय निवडला की दर ठरवण्याचा अधिकार आपल्या कार्डाच्या यंत्रणेकडून सुटतो आणि दुकानदाराच्या पेमेंट कंपनीकडे जातो. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो शंभर रुपयांचा धरू. दोनशे युरोंची खरेदी म्हणजे २०,००० रुपये. बऱ्याच भारतीय कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्के आकार लागतो आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे युरोत बिल भरलं तर वरचा खर्च ८२६ रुपये. रुपयांत भरलं तर दरातच पाच-सहा टक्के चढवलेले असू शकतात, म्हणजे हजार-बाराशे गेले. शिवाय काही भारतीय बँका अशा व्यवहारावर आपला वेगळा आकार लावतात, तो निराळाच. एटीएमसुद्धा हाच प्रश्न विचारतं. दोन्हीकडे उत्तर एकच: स्थानिक चलन.

परदेशी पैसे कसे न्यायचे, या प्रश्नाचं रूप दोन पिढ्यांपूर्वी अगदी वेगळं होतं. तेव्हा मुळात पैसेच नेता येत नसत. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या भारतीयांच्या आठवणींत ‘खिशात आठ डॉलर’ हा आकडा हटकून येतो, कारण सरकार तेवढेच देत असे. रिझर्व्ह बँकेच्या ‘पी फॉर्म’ची मंजुरी हा तर प्रवासाआधीचा वेगळा प्रवास होता. पुढे बंधनं सैल झाली आणि ट्रॅव्हलर्स चेकचा जमाना आला. त्याची पूर्वज असलेली ‘सर्क्युलर नोट’ थॉमस कुकने १८७४ मध्ये काढली होती. अमेरिकन एक्स्प्रेसने १८९१ मध्ये ट्रॅव्हलर्स चेक आणला. विकत घेताना एक सही, वटवताना समोरच्याच्या देखत दुसरी. हरवला तर बदलून मिळत असे, म्हणून तो नोटांपेक्षा सुरक्षित. कार्डं आली आणि हे चेक जवळजवळ दिसेनासे झाले.

आजची अडचण उलटी आहे. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’ म्हणजे एलआरएस आणली, तेव्हा माणशी वर्षाची मर्यादा होती २५,००० डॉलर. आता ती अडीच लाख डॉलर आहे. मर्यादेची चिंता मिटली, पण मार्ग इतके झाले की कुठल्या मार्गाने किती न्यायचे, हे ठरवताना गोंधळ उडतो.

आधी नोटा. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतचं परकीय चलन नोटांच्या रूपात नेता येतं. त्यावरची रक्कम कार्डावर घ्यावी लागते. चलन घेताना रुपये रोख द्यायचे तर ५०,००० पर्यंतच. पुढची रक्कम चेकने किंवा खात्यातून. खरेदी शहरातल्या दोन-तीन अधिकृत मनी चेंजरकडे भाव विचारून करावी. ‘कमिशन शून्य’ अशा पाटीला भुलू नये, कारण कमाई खरेदी आणि विक्रीच्या दरांतल्या फरकात असते. विमानतळावरच्या खिडकीत हा फरक सहसा सर्वांत मोठा असतो, म्हणून तिथे टॅक्सी आणि चहापाण्यापुरतेच बदलावेत.

नोटा कुठल्या, हेही पाहावं लागतं. लंडनला निघालेल्या आईच्या हाती घरातल्या कपाटातले जुने पौंड दिले जातात. पण वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर तिथल्या दुकानांत चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते, मात्र त्यासाठी सुट्टीतला वेळ खर्ची पडतो.

रोख किती लागेल, हे देशावर ठरतं. स्वीडनमध्ये कित्येक दुकानं रोकड घेतच नाहीत. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख भाडं चालत नाही. कार्ड टेकवायचं आणि चढायचं. इथे कुटुंबांची फजिती होते. एका कार्डावर एकाच प्रवाशाचं भाडं कापलं जातं, त्यामुळे आजी-आजोबांना प्रत्येकी वेगळं कार्ड किंवा तिथलं ऑयस्टर कार्ड लागतं. जपानमध्ये चित्र मिश्र आहे. मोठ्या शहरांत कार्ड चालतं, पण छोटी खानावळ किंवा देवळाची देणगीपेटी येनच मागते. तिथे सेव्हन-इलेव्हन दुकानांतली एटीएम परदेशी कार्डं स्वीकारतात.

भारतातून निघणाऱ्यांच्या हाती हल्ली बहुधा फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं प्रीपेड कार्ड असतं. पैसे भरले त्या दिवशीचा दर पक्का होतो. पुढे रुपया घसरला तरी फरक पडत नाही. ते बचत खात्याशी जोडलेलं नसल्यामुळे चोरीला गेलं तरी खातं शाबूत राहतं. खाचखळगा एकच, पण मोठा. कार्डात डॉलर भरले आणि खर्च युरोत केला, तर पुन्हा विनिमय होतो आणि त्याचा आकार साडेतीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ज्या देशात जायचं, त्याच देशाचं चलन भरावं. एटीएममधून प्रत्येक वेळी पैसे काढताना ठरावीक शुल्क लागतं आणि थायलंडसारख्या देशात तिथली बँक दोनशेहून जास्त बाट आणखी कापते. म्हणून थोडे थोडे काढण्यापेक्षा तीन-चार दिवसांचे एकदम काढणं परवडतं.

क्रेडिट कार्ड लागतं ते हॉटेलच्या अनामत रकमेला आणि भाड्याच्या गाडीला. अनेक गाडी कंपन्या प्रीपेड कार्ड घेत नाहीत. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख मात्र काढू नये, कारण शुल्क तर लागतंच, शिवाय व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. निघण्यापूर्वी आणखी एक काम असतं. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते आपण सुरू करायचे. ओटीपी येणारं भारतीय सिमकार्डही चालू ठेवावं.

मग आपलं यूपीआय? क्यूआर कोडने पैसे देण्याची सोय २०२१ मध्ये भूतानपासून सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांना ती लागू झाली, त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये, तर मार्चमध्ये नेपाळमध्ये. संयुक्त अरब अमिरातीतही ती मिळते. पण प्रत्येक देशात ठरावीक दुकानांतच ती चालते आणि अॅपमधला आंतरराष्ट्रीय पर्याय आधी सुरू करावा लागतो. निव्वळ तिच्या भरवशावर परदेशी निघणं आज तरी धाडसाचं.

खिसा फारच मोठा असेल तर कराचाही विचार हवा. एप्रिल २०२५ पासून स्वतःच्या प्रवासासाठी वर्षात दहा लाखांपर्यंतचं परकीय चलन घेतल्यास टीसीएस, म्हणजे चलन घेतानाच कापला जाणारा कर, लागत नाही. त्यावरच्या रकमेवर २० टक्के. बारा लाखांचं चलन घेतलं तर वरच्या दोन लाखांवर ४०,००० रुपये कापले जातात आणि ते विवरणपत्र भरताना वळते करून घेता येतात. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च या हिशेबात धरण्याचा निर्णय सरकारने २०२३ मध्ये घेतला आणि काही आठवड्यांतच पुढे ढकलला.

अनुभवी मंडळी म्हणूनच पैशांची वाटणी करतात. सगळ्यात मोठा वाटा फॉरेक्स कार्डावर, एक क्रेडिट कार्ड आणि पहिल्या दोन-तीन दिवसांची रोकड. दोन कार्डं एका पाकिटात ठेवायची नाहीत. एक अंगावर, दुसरं खोलीतल्या तिजोरीत. कार्ड बंद करण्यासाठीचा बँकेचा क्रमांक फोनबाहेर, कागदावरही लिहिलेला असावा, कारण चोर अनेकदा फोन आणि पाकीट दोन्ही नेतो.

परतीचेही नियम आहेत. येताना जवळच्या परकीय नोटा ५,००० डॉलरहून जास्त असतील, तर कस्टम्सला लिहून द्यावं लागतं. घरी २,००० डॉलरपर्यंत नोटा ठेवता येतात. बाकीचं चलन १८० दिवसांच्या आत परत करायचं. नाण्यांना मर्यादा नाही, पण मनी चेंजर ती सहसा घेत नाहीत. शेवटच्या दिवशीच्या कॉफीत ती संपवावीत, नाहीतर युनिसेफच्या ‘चेंज फॉर गुड’ उपक्रमात सहभागी विमान कंपन्या विमानात पाकीट फिरवतात, त्यात टाकावीत.