मिसरोदवरून जाणारी वाट : भोपाळचा वारसा आणि गोव्याशी जुळणारा धागा

वास्कोहून दिल्लीकडे निघणारी गोवा एक्स्प्रेस इटारसी सोडल्यावर भोपाळच्या दिशेने धावू लागते, तेव्हा भोपाळच्या अलीकडे मिसरोद हे लहानसे स्थानक लागते. गाडी तेथे थांबत नाही आणि प्रवाशांचे लक्षही जात नाही. एकेकाळचे हे गाव आज भोपाळच्या विस्तारात सामावले गेले आहे. तथापि, या प्रदेशाचा वारसा पाहू इच्छिणाऱ्यांसाठी मिसरोद हा सोयीचा मध्यबिंदू ठरतो. उत्तरेस शहरातील संग्रहालये आहेत, तर दक्षिणेस भोजपूर आणि भीमबेटका.

भीमबेटकाच्या शोधाची कथा याच लोहमार्गाशी निगडित आहे. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर यांना रेल्वेप्रवासात दूरवरचे खडक दिसले आणि त्यांची पावले तिकडे वळली. तेथील शैलाश्रयांत आदिमानवाने रेखाटलेली चित्रे होती. मध्याश्मयुगापासून ऐतिहासिक काळापर्यंतच्या या चित्रांत शिकार, नृत्य, प्राणी आणि पुढे घोडेस्वारही दिसतात. २००३ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. हजारो वर्षे टिकलेले हे रंग मानवी स्पर्शाने मात्र झिजतात. म्हणूनच दगडाला हात न लावणे, हे येथे केवळ सूचनाफलकापुरते राहू नये.

भोजपूर येथे बेतवा नदीच्या काठी परमार राजा भोज याच्या नावाशी जोडलेले अकराव्या शतकातील शिवमंदिर उभे आहे. ते अपूर्ण राहिले आणि त्यातच त्याचे महत्त्व आहे. परिसरातील खडकांवर मंदिराचे आराखडे कोरलेले असून, अवजड दगड वर चढविण्यासाठी रचलेल्या उताराचे अवशेषही दिसतात. पूर्ण झालेले मंदिर आपली बांधणी झाकून ठेवते. हे अपूर्ण मंदिर ती उलगडून दाखवते.

शहरात आल्यावर गोमंतकीयांना एक ओळखीची खूण भेटते. मोठ्या तलावाच्या काठावरील भारत भवन ही वास्तू गोमंतकीय वंशाचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी साकारली. १९८२ मध्ये तिचे उद्घाटन झाले. उतारावरून पाण्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी तिची अंगणे पाहताना, मांडवीकाठी त्यांनीच उभारलेल्या पणजीच्या कला अकादमीची आठवण होते. येथील चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने गोंड कलावंत जनगढ सिंह श्याम यांच्यासारख्यांचे काम नागर चित्रकारांच्या बरोबरीने मांडले गेले.

श्यामला हिल्सवरील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात वस्तू केवळ काचेच्या कपाटात ठेवलेल्या नाहीत. देशातील विविध समाजांची घरे मोकळ्या आवारात प्रत्यक्ष उभी केली आहेत. त्यांत किनारपट्टीवरील वस्तीचाही विभाग आहे. जवळच २०१३ मध्ये खुले झालेले मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय आहे. ही तिन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून प्रवासाची आखणी करावी.

जुन्या शहरात कुदसिया बेगम यांनी १८२० मध्ये बांधलेला गोहर महल आणि शाहजहान बेगम यांच्या काळात आरंभ होऊन विसाव्या शतकात पूर्णत्वास गेलेली ताज-उल-मसाजिद, ही स्त्री-राज्यकर्त्यांच्या दीर्घ परंपरेची साक्ष आहे. मराठी वाचकाला आणखी एक संदर्भ आठवेल. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला याच भोपाळात कोंडीत पकडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह झाला.

या सर्व स्थळांसाठी किमान दोन दिवस राखून ठेवावेत : पहिला शहरासाठी, दुसरा भोजपूर आणि भीमबेटकासाठी. घाईत केवळ छायाचित्रे मिळतात.

कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचे छत जुलै २०२३ मध्ये कोसळले, तेव्हा वास्तू उभारण्याइतकेच ती जपणेही कठीण असते, हे गोव्याने अनुभवले. भोपाळच्या वाटेवर हाच प्रश्न अश्मयुगापासून आधुनिक काळापर्यंतच्या वारशाबाबत सामोरा येतो. त्याचे उत्तर शासनाइतकेच तेथे पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या वर्तनातही आहे.