टाक्या रिकाम्या झाल्या, जमिनीचे काय?

हवाईत होनोलुलूजवळ रेड हिल येथे अमेरिकी नौदलाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोंगराच्या पोटात २० अजस्र इंधन टाक्या बांधल्या. त्यांच्या तळाखाली जेमतेम १०० फुटांवर शहराला पाणी पुरवणारा भूजलसाठा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये विमानाचे इंधन नौदलाच्या पिण्याच्या विहिरीत उतरले. सुमारे ९३ हजार लोकांचे पाणी धोक्यात आले. मूळ हवाईयन समाजासह नागरिक रस्त्यावर उतरले आणि मार्च २०२२ मध्ये केंद्र बंद करण्याचा निर्णय झाला.

पण टाक्या रिकाम्या झाल्या म्हणजे प्रदूषण संपले असे नाही. इंधन पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलावर तरंगते, खडकाच्या भेगांत अडकते. पेट्रोलियममधील बेंझिनसारखी घातक रसायने पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर पसरतात. म्हणून आधी निरीक्षण विहिरी खोदून प्रदूषण कुठवर आणि कोणत्या दिशेने गेले, हे शोधावे लागते. मग तरंगते इंधन उपसणे, वाफ शोषून घेणे, पाणी सक्रिय कोळशातून गाळणे हे उपाय करता येतात. उरलेले इंधन जिवाणू खातात, पण त्याला वर्षे लागतात.

त्यामुळे ‘सफाई झाली’ या घोषणेवर न थांबता कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: नमुने कुठून घेतले? कोणी तपासले? आणि पुढे किती वर्षे तपासणार?